विरळ रोग आणि उशिरां पटणारी ओळख

शाहूपुरींतील सुशिक्षित घरांत कुष्ठरोगाची गोष्ट निघाली, कीं 'तो आतां कोठें राहिला आहे?' असा प्रश्न आम्हांस ऐकूं येतो. दर १०,००० लोकांत एकाहून कमी रुग्ण, ही मर्यादा भारतानें डिसेंबर २००५ मध्यें गांठली, हें खरें. परंतु विरळ होणें म्हणजे नाहींसें होणें नव्हे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मानानें कोल्हापुराकडे हा रोग थोडा. म्हणून त्याची आठवणहि थोडी. जंतूंचा प्रवेश झाल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत सरासरी ५, क्वचित् २० वर्षेंहि लोटतात. फिकट वा तांबूस डाग दुखत नाहीं, खाजत नाहीं. घरचीं माणसें त्यास शिबें समजून स्वस्थ बसतात. अशा प्रदेशांत रुग्ण मोजके, पण त्यांतले पुष्कळ रोग अंगांत पसरल्यावर दवाखान्यांत येतात. कोणाचीं बोटें तोंवर वांकडीं झालेलीं असतात.

सुश्रुतसंहितेंत कुष्ठाच्या लक्षणांत स्पर्शहानि सांगितली आहे. डागावर कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर विलंब न करितां वैद्यकीय तपासणी करावी. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतो व ६ किंवा १२ महिन्यांत पुरा होतो. रोग बरा होतो. मात्र गेलेली संवेदना परत येईलच असें नाहीं.

मुलीचें लग्न जमावयाचें म्हणून डाग पदराआड झांकणाऱ्या वडीलमंडळींस आमची विनंति एवढीच : २०१९ च्या कायद्यानें घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग वगळला. कायद्यानें सोडलेली भीति आपण कां धरून ठेवावी? लाज राखतांना मुलीचा हात गमावूं नये.