राजा असला की लोकशाही नसते?

गैरसमज : जिथे राजा आहे तिथे लोकशाही नाही आणि जिथे प्रजासत्ताक आहे तिथे लोकशाही असतेच.

हा समज मुलांच्या उत्तरपत्रिकांत भेटतो, मोठ्यांच्या गप्पांत भेटतो आणि दर २६ जानेवारीला झेंडावंदनानंतरच्या भाषणांत तर हमखास भेटतो. 'आजच्या दिवशी राजेशाही गेली आणि लोकशाही आली' असे कोणीतरी ठासून सांगते आणि समोर उन्हात बसलेली मुले ते खरे मानून घरी जातात. पुढे 'शासनाचे प्रकार लिहा' असा प्रश्न आला की राजेशाही, लोकशाही, हुकूमशाही, प्रजासत्ताक ही यादी एका दमात लिहून मोकळी होतात. आपण त्या यादीला पूर्ण गुण देतो. ते थांबवायला हवे, कारण ही यादीच चुकीची आहे. दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे तिच्यात एका रांगेत उभी केली आहेत. 'गाडी लाल आहे की डिझेलची?' असे आपण कधी विचारत नाही, कारण गाडी दोन्ही असू शकते.

वस्तुस्थिती : पहिला प्रश्न असा, की देशाचे प्रमुखपद कसे मिळते? ते घराण्यातून मिळत असेल तर राजेशाही आणि कायद्याने ते कोणत्याही घराण्याची मिरास नसेल तर प्रजासत्ताक. दुसरा प्रश्न याहून वेगळा आहे. कारभार करणाऱ्यांना लोक निवडतात का, आणि ते नकोसे झाले तर मतपेटीतून त्यांना घरी पाठवू शकतात का? याचे उत्तर 'हो' असेल तर लोकशाही.

आता देश मांडून पाहा. भारत आणि फ्रान्स प्रजासत्ताक आहेत आणि तिथे लोकशाहीही आहे. ब्रिटन, नॉर्वे, स्वीडन या देशांत राजा आहे आणि जपानमध्ये सम्राट. पण कारभार निवडून आलेल्यांच्या हाती आहे. सौदी अरेबियात राजा आहे आणि लोकशाही नाही. चीन प्रजासत्ताक आहे, पण तिथे एकाच पक्षाची सत्ता आहे आणि मतदान करून ती बदलता येत नाही. उत्तर कोरियाच्या तर अधिकृत नावातच 'लोकशाही' आणि 'प्रजासत्ताक' हे दोन्ही शब्द आहेत, आणि १९४८ मध्ये तो देश स्थापन झाल्यापासून सत्ता आजोबा, मुलगा, नातू अशी किम घराण्यातच राहिली आहे. नावावरून शासन ओळखायचे ठरवले तर मूल इथेच फसते.

शेजारचे उदाहरण याहून बोलके आहे. २८ मे २००८ रोजी नेपाळच्या संविधान सभेने राजेशाही संपवली आणि देश प्रजासत्ताक झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये भूतानमध्ये राष्ट्रीय सभेची पहिली निवडणूक झाली. राजा मात्र गादीवर राहिला. भूतानच्या २००८ च्या संविधानातील पहिलाच अनुच्छेद शासनाला 'लोकशाही संविधानिक राजेशाही' म्हणतो. दुसऱ्या अनुच्छेदानुसार राजाने पासष्टाव्या वर्षी पायउतार व्हायचे आहे आणि संसद सार्वमत घेऊन त्याला त्याआधीही दूर करू शकते. एकाच वर्षी एका शेजाऱ्याने राजपद काढून टाकले आणि दुसऱ्याने ते ठेवून मतदान आणले. 'राजा की लोकशाही' हा प्रश्नच चुकीचा का, हे मुलांना या दोन देशांवरून चटकन कळते.

एवढ्यानेही कोणाला पटत नसेल तर गोव्याकडे पाहावे. पोर्तुगालमधली राजेशाही ५ ऑक्टोबर १९१० रोजी संपली. म्हणजे त्यानंतरची पन्नास वर्षे गोव्यावर ज्याची सत्ता होती ते एक प्रजासत्ताक होते. त्या प्रजासत्ताकात सालाझार १९३२ मध्ये पंतप्रधान झाले आणि १९६८ पर्यंत हुकूमशहा म्हणून राहिले. ते राजे नव्हते, त्यांच्या डोक्यावर मुकुट नव्हता. पण गोव्यात सरकारच्या परवानगीशिवाय सभा घेता येत नव्हती. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहिया यांनी मडगावात ही बंदी मोडली, तेव्हा त्यांना अटक झाली. त्याच सुमारास, जुलै १९४५ मध्ये, राजा असलेल्या ब्रिटनमध्ये मतदारांनी महायुद्धातले विजयी पंतप्रधान चर्चिल यांना सत्तेवरून उतरवले होते. गोवेकरांना प्रौढ मताधिकाराने आपली विधानसभा निवडायला मिळाली ती डिसेंबर १९६३ मध्ये, मुक्तीनंतर दोन वर्षांनी.

मग २६ जानेवारी १९५० रोजी आपल्याकडे नेमके काय झाले? १५ ऑगस्ट १९४७ पासून भारत स्वतंत्र होता, पण प्रजासत्ताक नव्हता. घटनात्मक प्रमुख ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज होते आणि त्यांच्या नावाने आधी माउंटबॅटन, मग राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते. कारभार मात्र नेहरूंचे मंत्रिमंडळ करत होते. संविधान अमलात आले, राजाचे स्थान संपले आणि राजेंद्र प्रसाद राष्ट्रपती झाले. प्रत्येक प्रौढाच्या मतावर उभी असलेली लोकसभा त्यानंतर, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतून आली. या दोन वेगळ्या घटना आहेत आणि दोन्ही तितक्याच अभिमानाच्या आहेत. भाषणात दोन वाक्ये जास्त बोलली तर हे सांगून होते.

आता त्याच पठडीतले छोटे गैरसमज.

'पंतप्रधानांना जनता थेट निवडते.' नाही. जनता खासदार निवडते आणि संविधानाच्या अनुच्छेद ७५(३) नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, अशा एका मताने पडले.

'राष्ट्रपती असले की अध्यक्षीय पद्धत.' नाही. जर्मनी, इटली आणि भारत, तिन्हीकडे राष्ट्रपती आहेत आणि पद्धत संसदीय आहे. सरकार टिकायला संसदेचा विश्वास लागतो का, एवढेच पाहावे.

'राज्यसंस्था आणि सरकार एकच.' नाही. २०१०-११ मध्ये बेल्जियममध्ये निवडणुकीनंतर ५४१ दिवस नवे सरकार बनले नाही. काळजीवाहू मंत्रिमंडळाने काम रेटले आणि बेल्जियम हा देश जागच्या जागी राहिला.

'राजपद नेहमी बापाकडून मुलाकडेच जाते.' मलेशियात नऊ राजघराण्यांचे प्रमुख आपल्यातूनच एकाला पाच वर्षांसाठी राजा निवडतात.

'हिटलरला जर्मन जनतेने बहुमत दिले.' नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला सुमारे ३३ टक्के मते होती. ३० जानेवारी १९३३ रोजी त्याला चॅन्सेलर नेमले ते अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी.

'वैशालीत आजच्यासारखीच लोकशाही होती.' लिच्छवींच्या सभेचा अधिकार क्षत्रिय कुळांच्या प्रमुखांपुरता होता. बायका, दास आणि कष्टकरी बाहेरच होते.

हा नुसता व्याख्यांचा वाद आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी १९७५ ते १९७७ चा काळ आठवावा. आणीबाणीत भारत एक दिवसही प्रजासत्ताक असायचा थांबला नाही. राष्ट्रपती होते, २६ जानेवारीचे संचलनही होत होते. पण वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते आणि लोकसभेची मुदत वाढवून निवडणूक पुढे ढकलली गेली होती. मार्च १९७७ मध्ये मतदान झाले आणि सत्ताधारी हरले. ज्या मुलाला प्रजासत्ताक आणि लोकशाही एकच वाटते, त्याला या एकवीस महिन्यांत काय गेले होते आणि मतदानाने काय परत आले, हे कधीच कळणार नाही.

म्हणून वर्गात यादी पाठ करून घेऊ नका. फळ्यावर दोन रकाने आखा, एक प्रमुखपदाचा आणि एक सत्ता बदलण्याचा, आणि मुलांनाच देश भरू द्या. दुसऱ्या रकान्यासाठी एकच प्रश्न विचारायला शिकवा : इथले सत्ताधारी निवडणूक शेवटचे कधी हरले, आणि हरल्यावर खुर्ची सोडून गेले का?