लोहाराच्या भट्टीपाशीं

शर्यतींच्या इतिहासांत विजयी वीरांचीं नांवें कोरलीं जातात. क्वचित् एखाद्या पराजिताचें नांव मात्र लोक आपण होऊन जतन करतात. फ्रान्सचा सायकलपटु यूजेन क्रिस्तोफ हा अशांपैकीं एक होय.

पॅरिसनजीक मालाकॉफ येथें १८८५ सालीं त्याचा जन्म झाला. कुलुपें घडविणें हा त्याचा मूळचा धंदा. १९१० सालीं मिलान ते सान रेमो ही शर्यत त्यानें बर्फाच्या वादळांत जिंकली. 'तूर द फ्रान्स' या देशप्रदक्षिणेच्या शर्यतींत १९१२ सालीं तो दुसरा आला.

पुढील वर्षीं पिरिनीज पर्वतांतील तुर्माले घाटावर त्याच्या सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचें चाक ज्यांत बसवितात तो दुहेरी दांडा, मोडला. दुरुस्ती स्वारानेंच करावी, दुसऱ्याचें साहाय्य घेऊं नये, असा कडक नियम होता. सायकल खांद्यावर टाकून दहा किलोमीटरांहून अधिक वाट तुडवीत तो सेंत-मारी-द-कांपां या खेड्यांत लोहाराच्या भट्टीपाशीं पोहोंचला. पंच पाहत उभे राहिले. कुलुपें घडविणारे हात येथें कामीं आले. त्यानें लोखंड तापवून, ठोकून चिमटा सांधला. परंतु दोन्ही हात कामांत गुंतल्यामुळें भाता एका मुलानें हलविला, आणि तेवढ्यासाठीं त्यास दंडादाखल वेळ वाढवून देण्यांत आला! शर्यत हातची गेली होती. तरीही तो पॅरिसला सातवा आला.

हा नियम निर्दय खरा. पण निर्हेतुक नव्हता. यश स्वाराच्या अंगच्या बळाचें असावें, सायकल बनविणाऱ्या कंपन्यांच्या पैशाचें नव्हे, असा संयोजक आंरी देग्रांज यांचा आग्रह होता. मात्र भाता हलविणाऱ्या मुलानें त्या बळांत कितीशी भर घातली, हा प्रश्न उरतोच.

मध्यंतरीं महायुद्ध झालें. १९१९ सालीं आघाडीचा स्वार दुरून ओळखूं यावा म्हणून पिवळा सदरा देण्याची प्रथा निघाली. ग्रनोब्ल येथें तो प्रथम क्रिस्तोफच्याच अंगावर चढला. अखेरचे दोनच टप्पे राहिले असतां त्याची आघाडी सुमारें २८ मिनिटांची होती. आणि व्हालांसिएन येथें चिमटा पुन्हां मोडला! बेल्जियमचा फिरमँ लांबो विजयी झाला, क्रिस्तोफ तिसरा आला. हळहळलेल्या जनतेनें वर्गणी काढून त्याचा गौरव केला. १९२२ सालीं गालिबिए घाटांत तिसऱ्यांदां तेंच घडलें.

१९७० सालीं तो निवर्तला. हल्लीं स्वाराची सायकल मोडली तर मागून येणाऱ्या मोटारींतून दुसरी तत्काळ मिळते. तें योग्यच आहे. तथापि त्या खेड्यांत आजही क्रिस्तोफच्या नांवाचा स्मृतिफलक आहे. शर्यत हरली असतांही हातीं घेतलेलें काम त्यानें अर्धवट टाकलें नाहीं, याची ती साक्ष आहे.