फोटोखालची ओळ कोणाची?

आज बोलूया एका फोटोबुकबद्दल: 'सबर्बिया', 1973.

बिल ओवेन्स तेव्हा कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरमध्ये स्थानिक पेपरचा फोटोग्राफर होता. कामानिमित्त लोकांकडे जाणं व्हायचं, आणि विषय तिथेच सापडला. शहराबाहेरच्या वसाहतीतली नवी कोरी घरं, अंगणातली पार्टी, स्वयंपाकघरात बाळाला भरवणारं जोडपं. साधी माणसं, साधं जगणं.

आता, असे फोटो बघून लोकांना हसणं सोपं असतं. एका फोटोत तीनचाकीवर बसलेला छोटा मुलगा आहे, हातात खेळण्यातली बंदूक. आपण लगेच म्हणणार, काय हे आईबाप! पण फोटोखाली घरच्यांचंच म्हणणं छापलंय: बंदुकीशी खेळून मुलाच्या स्वभावावर वाईट परिणाम होईल असं आम्हाला नाही वाटत. पटो न पटो, त्यांची बाजू ऐकावीच लागते. पुस्तकभर ओवेन्सने हेच केलंय. फोटो त्याचा, शब्द त्या माणसांचे.

आपण मात्र आजीचा फोटो टाकतो आणि कॅप्शन स्वतःच ठोकून देतो. पुढच्या वेळी तिला फोटो दाखवा, विचारा, "आजी, काय लिहू?" ती म्हणेल तेच लिहा, तिच्याच शब्दांत.