चारा बीट लावताय? आधी पाण्याचा हिशोब करा

वलवणला दुकानात दूधवाले विचारतात, 'दादा, भात निघाल्यावर चारा बीट लावू का?' पाणी असेल तर लावा, पण आधी कॉस्टिंग. बिटाच्या कंदात साधारण ८५ टक्के पाणीच. म्हणजे १०० किलोत खरं खाद्य १५ किलो! साखरेमुळे ताकद मिळते. प्रथिनं कमी, म्हणून पेंड बंद करू नका. एकदम पोटभर घातलं तर जनावर दगावूही शकतं. धुऊन, तुकडे करून, थोडं थोडं वाढवत द्या, सोबत भाताचा पेंढा.

इथेनॉलचं म्हणाल, तर ते शुगर बीट वेगळं. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने त्यावर प्रयोग केलेत. उसाला वर्ष, याला ५-६ महिने. पण काढल्यावर लगेच गाळप लागतं. जवळ घेणारा कारखानाच नसेल, तर विकणार कुणाला? आपण मावळातले, गोठ्यापुरतंच बघू. यंदा एकच गुंठा लावा, रोजचं दूध वहीत लिहा.