निंदणी यंत्राची पाच मिनिटं

खापरहून आम्ही गटातल्या बाया बोलतोय. मागून धरून चालवायचं, पेट्रोलवरचं निंदणी यंत्र, म्हणजे पॉवर वीडर, आम्ही गटाच्या कर्जातून घेतलं. पहिल्याच पावसाळ्यात कापसाची निंदणी अर्ध्यावर असताना ते बंद पडलं. ऑईल संपत आलं होतं आणि कोणी पाहिलंच नव्हतं. पेट्रोल टाकलं की झालं, असं आम्हाला वाटायचं! दुरुस्तीचे पैसे गटाच्या बचतीतून गेले, गवत वाढलं ते वेगळंच.

तेव्हापासून यंत्र काढण्याआधी आम्ही ऑईल बघतो. यंत्र सपाट जागी ठेवायचं, इंजिन थंड असू द्यायचं. काडी काढून फडक्याने पुसायची, परत घालून बघायची. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. काही यंत्रांत काडी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, पुस्तकात चित्र असतं ते बघा. सातपुड्याच्या पायथ्याला आपली बरीच शेतं उताराची. उतारावर ऑईल एका बाजूला सरतं. आधीच कमी असेल तर आतल्या भागांपर्यंत पोचत नाही आणि इंजिन घासतं. नव्या यंत्राचं पहिलं ऑईल साधारण 20 तासांनी बदलतात, पुढचं पुस्तकात सांगितलं असेल तसं. जुनं ऑईल बांधावर ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

गवत कापायच्या काही यंत्रांत मात्र ऑईल पेट्रोलमध्येच मिसळतात. दोन्ही यंत्रं असतील तर डब्यांना वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधा. आमच्याकडे लाल आणि पिवळी आहे.

एअर फिल्टर म्हणजे यंत्राचं नाक. उघडिपीच्या दिवसांत ते धुळीने बुजतं, मग यंत्र धापा टाकतं, काळा धूर सोडतं. स्पंजाचा फिल्टर कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचा, पिळवटायचा नाही, नुसता दाबायचा. सावलीत पूर्ण वाळला की थोडं इंजिन ऑईल लावून जादाचं दाबून काढायचं. कागदी फिल्टर कधीच धुवू नका, हलकेच आपटून धूळ झटका.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. पात्यांत गवत, वेल, ठिबकची नळी गुंडाळते. ते काढायला हात घालण्याआधी इंजिन बंद करा आणि स्पार्क प्लगची टोपी ओढून बाजूला ठेवा. इंजिन बंद असलं तरी पाती हाताने फिरवताना ते एखाद्या वेळी धडकन सुरू होऊ शकतं, आणि तेवढ्यात बोटं जातात. आमच्यातली एक म्हणते, ‘टोपी काढायला दोन सेकंद लागतात, बाई!’ टोपी काढलेली असतानाच पात्यांचे नटही पान्याने तपासून घ्या, हादऱ्याने ते ढिले होतात. पदर खोचलेला, वेणी बांधलेली हवी, पायात बूट हवेत. सायलेन्सर तापलेला असतो, त्याला साडी लागू देऊ नका. पेट्रोल भरायचं तर इंजिन थंड झाल्यावरच, आणि जवळपास विडी नको, चूलही नको.

हंगाम संपला की टाकी रिकामी करून उरलेलं पेट्रोल जाळेपर्यंत इंजिन चालवा. महिनोन्‌महिने पेट्रोल आत राहिलं तर कार्बोरेटर चिकटतो.

यंत्राची वही आम्ही किल्लीसोबत ठेवतो. ज्या बाईने यंत्र नेलं तिने किती तास चाललं आणि ऑईल कुठवर होतं ते लिहायचं. जिला लिहिता येत नाही ती पोरीकडून लिहवून घेते. वही भरल्याशिवाय किल्ली पुढच्या घरी जात नाही.