खिडकीचे पाच हजार!

‘‘झोपायलाच जायचं ना खोलीवर? मग खिडकीतून समुद्र दिसला काय नि शेजाऱ्याची भिंत दिसली काय!’’ बाबांनी निकाल देऊन टाकला.

मी लॅपटॉपवर ब्रायटनची हॉटेलं बघत बसले होते. मागच्या बाजूची खोली आणि ‘सी व्ह्यू’ खोली यांत रात्रीला बावीस पौंडांचा फरक. बाबांनी तोंडी गुणाकार केला. दोन रात्रींचे मिळून पाच हजार रुपये. ‘‘खिडकीचे?’’

आई काहीच बोलली नाही. पण लंडनला आल्यापासून तिने मागितलेली ही एकच गोष्ट होती. बिग बेन नको, मादाम तुसाँ नको. ‘‘इथला समुद्र दाखवशील का गं?’’ आईचं माहेर गुहागरचं, संसार झाला सांगलीत. गुडघ्यांचं ऑपरेशन ती गेली दोन वर्षं पुढे ढकलतेय आणि तेवढीच वर्षं माहेरी जाऊनही तिला वाळूत उतरता आलेलं नाही. त्यामुळे हा वीकेंड चुकवून चालणार नव्हता.

आणि चुकतो कसा, हे मला चांगलंच ठाऊक होतं. लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा ब्रायटनला गेलो, तेव्हा मी मोठ्या हुशारीने स्वस्तातली ‘लोअर ग्राउंड फ्लोअर’ची खोली घेतली होती. लोअर ग्राउंड म्हणजे तळघर हो! समुद्र दोन मिनिटांवर होता, पण खिडकीतून दिसत होती ती फुटपाथवरून जाणाऱ्यांची पावलं. त्यात शनिवार. वरच्या मजल्यावर एका होणाऱ्या नवरीच्या मैत्रिणींचा पहाटे तीनपर्यंत धिंगाणा. लग्नाआधीच्या अशा पार्ट्यांसाठी ब्रायटन सगळ्या इंग्लंडात लाडकं आहे, हे आम्हाला मागाहून कळलं.

तर या वेळी आधी गाव पक्कं केलं. बोर्नमथला सोनेरी वाळू आहे, पण वॉटर्लूहून ट्रेनला जवळजवळ दोन तास. शिवाय तिथली बरीच हॉटेलं कड्यावर आहेत. समुद्र दिसतो झकास, पण गाठायचा तर कडा उतरायचा. तिथल्या ईस्ट क्लिफची लिफ्ट तर २०१६ मध्ये दरड कोसळून बंद पडली. ईस्टबोर्न सपाट आणि शांत. इंग्रज तरुण त्याला आजी-आजोबांचं गाव म्हणून नाक मुरडतात, पण खरं सांगू? दुखऱ्या गुडघ्यांसाठी तेच उत्तम. तुमच्याबरोबर फक्त वडीलधारी माणसं असतील तर डोळे मिटून तिकडे जा.

आमच्याकडे ब्रायटन जिंकलं ते बाबांमुळे. रॉयल पॅव्हिलियन त्यांना बघायचंच होतं. घुमट-मिनारांचा हा राजवाडा बाहेरून अगदी हिंदुस्थानी थाटाचा. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत, तिथे जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. शिवाय व्हिक्टोरियाहून ट्रेनने जेमतेम तासाभराचा प्रवास.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. चांगल्या पायांचीसुद्धा तिथे कसरत होते. म्हणजे आईसाठी समुद्र असणार होता तो एक तर फरसबंद रस्त्यावरून, नाहीतर खोलीतून. खिडकीचं महत्त्व आलं ना लक्षात?

मग एरिया. केम्पटाऊनला, पॅलेस पिअरच्या पूर्वेला, समुद्राकडे उतरणाऱ्या गल्ल्यांत छोटी गेस्ट हाऊसेस आहेत. आपल्या कोकणातल्या ‘घरगुती राहण्याची सोय’चाच हा इंग्रजी अवतार. मालक-मालकीण तिथेच राहणार, सकाळी स्वतः नाश्ता वाढणार, वर चौकश्या करणार! दोघांसाठी मस्त. पण ही घरं दोनशे वर्षांपूर्वीची, उंच आणि चिंचोळी. जिने वळणाचे. यातल्या बऱ्याच इमारती संरक्षित, त्यामुळे मनात आलं नि लिफ्ट बसवली असं होत नाही. ‘ग्राउंड फ्लोअर’च्या खोलीलासुद्धा दारापुढे पाच-सहा पायऱ्या असतात. पश्चिमेकडे होव्ह. हिरवळ, पांढरीशुभ्र घरं, गडबड कमी, पण गावातल्या गंमतीजमती लांब. स्टेशनजवळ स्वस्त आणि सुटसुटीत हॉटेलं मिळतात. तिथून समुद्राकडे जाताना सरळ उतार आहे, छान वाटतं. परतताना तोच चढ!

शेवटी लॅपटॉप मिटला आणि फोन उचलला. माझा सल्ला विचाराल तर हेच करा. फोटोत प्रत्येक खोली ऐसपैस दिसते. फोनवर मी अगदी बावळट प्रश्न विचारले. फुटपाथपासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? समुद्र दिसतो म्हणजे नेमका कुठे उभं राहून? (‘साइड सी व्ह्यू’ म्हणजे खिडकीतून मान बाहेर काढली की दिसतो तो.) लिफ्ट आहे, पण चालू आहे का? एका गेस्ट हाऊसच्या मालकीणबाई स्वतःच म्हणाल्या, ‘‘आईला इथे नका आणू, बिचारी जिन्यातच अडकेल.’’ मला त्या बाई फार आवडल्या.

दुसरा शहाणपणा दिवसांचा. शनिवारी एका रात्रीसाठी खोली द्यायला बरेच जण तयार नसतात, दोन रात्री घ्या म्हणतात. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर शाळांना सुट्टी, तेव्हा दर आभाळाला. आम्ही जूनमधला रविवार ते मंगळवार घेतला. मी सोमवार-मंगळवार रजा टाकली. समुद्रासमोरचं एक जुनं, मोठं हॉटेल. गालिचे विटलेले, नळ कुरकुरणारे, पण लिफ्ट ठणठणीत. आई-बाबांना समोरची खोली, आम्हा दोघांना मागची. आमच्या खिडकीतून दिसायचे कचऱ्याचे डबे आणि त्यांवर हल्ला करणारे सीगल. पहाटे चारपासून त्यांची सभा भरते. कानात घालायला कापूस न्याच.

रविवारी ऊन होतं. रात्री नऊला अजून उजेड कसा, म्हणून आई दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होती.

आणि सोमवारी सकाळी पाऊस! मुंबईसारखा धो धो नाही. बारीक, आडवा, चिवट. इंग्लंडात समुद्रावर गेलात की हा धरूनच चाला. इथेच बाबांचं ‘झोपायलाच तर जायचं’ कोलमडतं. कारण मग दिवसाचे कितीतरी तास तुम्ही खोलीतच असता. आई गादीची खुर्ची खिडकीशी ओढून बसली. खोलीतल्या किटलीवर स्वतःचा मसाला घालून तिने चहा केला. समोर वेस्ट पिअरचा सांगाडा. ‘‘ते जळकं काय आहे गं?’’ १८६६ चा धक्का, १९७५ मध्ये बंद झाला आणि २००३ मध्ये आगींत होरपळला. ‘‘मग काढत का नाहीत?’’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

बाबा छत्री घेऊन एकटेच पॅव्हिलियन बघून आले. भिजलेले, पण भलतेच खुशीत. तिथे भारतीय जनतेने १९२१ मध्ये दिलेलं एक प्रवेशद्वार आहे, ते वाचून आले होते. इस्पितळात सैनिकांच्या धर्म-जातींप्रमाणे वेगवेगळी स्वयंपाकघरं होती, हे कळल्यावर तर त्यांना जोरच चढला. ‘‘शंभर वर्षांपूर्वी आपल्या लोकांची सोय केली यांनी, आणि हिला बिनअंड्याचा नाश्ता मिळत नाही!’’ (मिळाला. बीन्स, मशरूम, टोमॅटो आणि टोस्ट. ही सूचना मात्र खोली घेतानाच द्यायची, टेबलवर बसून नाही.)

मग मीही थोडं ज्ञान पाजळलं. हे गाव मुळात राहायच्या सोयीवरच उभं राहिलंय. १७५० च्या दशकात डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्याचे उपचार गाजवले आणि रोग्यांसाठी किनाऱ्यालगतच घर बांधलं. त्या जागी पुढे रॉयल अल्बियन हॉटेल झालं. २०२३ च्या आगीत तेही जळालं. आणि क्वीन्स हॉटेल आहे तिथे पाटण्याचे शेख दीन महंमद यांचं स्नानगृह होतं. चंपी करायचे ते, चक्क राजाचे ‘शाम्पूइंग सर्जन’!

‘‘गुडघे चोळायचे का?’’ आईने विचारलं.

‘‘सांधेदुखीसाठीच तर लोक यायचे,’’ मी म्हटलं. आई खिडकीबाहेर बघून हसली. दुपारी पाऊस थांबला तेव्हा लिफ्टने खाली उतरून, रस्ता ओलांडून ती कठड्यापर्यंत गेली. पंधरा मिनिटं उभी राहिली. वाफाळत्या चिप्सवर व्हिनेगर घालतात हे तिला अजिबात पटलं नाही.

मंगळवारी अकराला खोली सोडायची होती. पावणेअकरा झाले तरी आई पर्स मांडीवर घेऊन खिडकीतच. बाबा पायाने लिफ्टचं दार अडवून उभे.

‘‘अगं, चल!’’

‘‘थांबा हो, मोजतेय.’’

आभाळ स्वच्छ होतं. दूर समुद्रात पवनचक्क्यांची रांग दिसत होती. मध्येच तिचा आकडा चुकला, तेव्हा बाबाच म्हणाले, ‘‘बहात्तर झाले होते.’’ ट्रेनमध्ये बसल्यावर मी मोबाइलवर शोधलं. रॅम्पियन विंड फार्म, एकूण पवनचक्क्या ११६.

‘‘म्हणजे चव्वेचाळीस राहिल्या,’’ आई म्हणाली.