दो-दोदोंपा
जपानमधील एक निवृत्त पोलादी रोलर कोस्टर. फूजी पर्वताच्या पायथ्याशी, यामानाशी प्रांतातील फुजियोशिदा येथे असलेल्या फुजिक्यू हायलँड या मनोरंजन उद्यानात ‘दोदोंपा’ या नावाने ती २००१ मध्ये सुरू झाली. ताशी १७२ किमी. हा तिचा वेग त्या वेळी जगातील सर्व रोलर कोस्टरांत अधिक होता. २००३ मध्ये अमेरिकेतील ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ने तो विक्रम मोडला, तथापि प्रवेगाच्या बाबतीत दोदोंपा त्यानंतरही अग्रेसर गणली जाई.

नेहमीच्या रोलर कोस्टरमध्ये डबे साखळीने उंचावर ओढून नेतात आणि तेथून उतारावर सोडतात. स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर होऊन त्यांना वेग येतो. त्यामुळे उतारावरील प्रवेग गुरुत्वीय प्रवेगापेक्षा अधिक असू शकत नाही. दोदोंपात ही मर्यादा संपीडित हवेच्या साहाय्याने ओलांडली होती. टाकीत दाबाखाली साठविलेली हवा झडप उघडताच एकदम प्रसरण पावे व तिच्या रेट्याने डबे सपाट मार्गावरून पुढे फेकले जात. १७२ किमी. वेग केवळ १·८ सेकंदांत गाठला जाई. या मार्गावर पुढे ५२ मी. उंचीचा उभा चढउतार होता. २०१७ मध्ये तो काढून त्या जागी सु. ४९ मी. उंचीचे वर्तुळाकार वेटोळे बसविले आणि गाडीला ‘दो-दोदोंपा’ हे नाव दिले. वेग ताशी १८० किमी. झाला व तो गाठण्यास १·५६ सेकंद पुरू लागले.

ताशी १८० किमी. म्हणजे सेकंदाला ५० मी. त्यानुसार सरासरी प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. ३·३ पट येतो. मानवी डोक्याचे वस्तुमान सु. ५ किग्रॅ. धरल्यास त्याला एवढा प्रवेग देण्यासाठी सु. १६ किग्रॅ. वजनाएवढे बल लागते. डोके व पाठ आसनाला टेकलेली असल्यास हे बल आसनाकडून मिळते. प्रवासी पुढे झुकलेला असल्यास मात्र धड पुढे जाते, डोके निरूढीमुळे (जडत्वामुळे) मागे राहते आणि ताण मानेवर व पाठीच्या कण्यावर येतो.

डिसेंबर २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात काही प्रवाशांच्या मानेच्या व पाठीच्या हाडांना अस्थिभंग झाल्याचे उघडकीस आले. ऑगस्ट २०२१ मध्ये गाडी थांबविण्यात आली आणि मार्च २०२४ मध्ये ती कायमची बंद केल्याचे उद्यानाने जाहीर केले. यंत्राला अधिक वेगवान करता येत असले, तरी शरीराची सहनशक्ती तशी वाढविता येत नाही; रोलर कोस्टरच्या अभिकल्पात म्हणून कमाल वेगाइतकाच प्रवेगाचा व प्रवाशाच्या बसण्याच्या स्थितीचा विचार महत्त्वाचा ठरतो.